घरातील जमिनीची पातळी आणि दारांची काटछाट

गोमंतकातील एखाद्या जुन्या घराच्या उंबरठ्याकडे लक्षपूर्वक पाहिले असता त्या घराच्या जमिनीचा सारा इतिहास ध्यानात येतो. आरंभी माती चोपून घट्ट केलेली आणि शेणाने सारवलेली जमीन. तिच्यावर पुढे कोण्या सुबत्तेच्या वर्षी घातलेला सिमेंटचा कोबा. त्या कोब्यावर मोझाइकच्या लाद्या. आणि अलीकडे त्या लाद्यांवर चकचकीत विट्रिफाइड लाद्या. प्रत्येक पिढीने आपापल्या ऐपतीप्रमाणे एकेक थर चढविला. उंबरठा मात्र होता तेथेच राहिला. एके काळी चार बोटे उंच असलेला आणि सकाळी ज्याच्यापुढे रांगोळी रेखली जाई तो उंबरठा आता जमिनीशी जवळजवळ एकरूप झाला आहे, आणि चौकटीची वरची पट्टी उंच माणसाच्या कपाळाशी आली आहे.

अशा घरात पुन्हा नवी जमीन करावयाचे ठरले की पुढचा प्रसंग ठरलेलाच असतो. गवंडी आपले काम आटोपून जातो. दोन दिवसांनी लाद्यांवरून चालण्याची मुभा मिळते. आणि शयनगृहाचे कवाड उघडू जाता ते अर्ध्यावरच अडते. मग सुताराचा शोध सुरू होतो. सुतार येतो, कवाड उतरवितो, खालून बोटभर कापतो आणि पुन्हा बसवितो. काम पुरे झाले असे सर्वांना वाटते. परंतु येत्या पावसाळ्यात न्हाणीघराचे पाणी बाहेर डोकावू लागते, दाराची खालची कडी जमिनीतील भोकात उतरेनाशी होते, आणि घरातील वृद्ध मंडळी दोन खोल्यांमधील अर्ध्या इंचाच्या नव्या पायरीला ठेचकाळतात. जमिनीची उंची हा गवंड्याचा प्रश्न आणि दाराची उंची हा सुताराचा, अशी जी समजूत रूढ आहे, तिच्यातून हे सारे उद्भवते. वास्तविक हा एकच प्रश्न आहे, आणि तो पहिली लादी बसण्यापूर्वी, दारापाशी उभे राहून सोडवावयाचा असतो. त्याकरिता लागणारी मोजमापे कोणाही गृहस्थास घरच्या घरी घेता येतात, आणि थोडी हातोटी असेल तर कवाडाची काटछाटही करता येते.

थराचा हिशेब

नवी जमीन किती चढणार, हे लादीच्या जाडीवरून ठरते असे पुष्कळांना वाटते. तो अर्धाच हिशेब होय. लादीखाली काय घालावयाचे, यावर उरलेला अर्धा अवलंबून असतो. विट्रिफाइड लादी सर्वसाधारणपणे ८ ते १० मिलिमीटर जाड असते. ती जुन्या पक्क्या जमिनीवर चिकटद्रव्याने बसविली तर ३ ते ५ मिलिमीटरचा थर आणखी धरावा. एकूण चढ १२ ते १५ मिलिमीटरांच्या आसपास येतो. तीच लादी सिमेंट-वाळूच्या मालावर बसविली तर मालाची जाडीच २० ते ४० मिलिमीटर असते. कोटा किंवा तत्सम दगडी फरशी असेल तर दगडाची जाडीही २० ते २५ मिलिमीटर धरावी लागते. म्हणजे एकाच खोलीची जमीन पद्धतीनुसार अर्धा इंच चढू शकते किंवा अडीच इंचही चढू शकते. सुताराच्या भाषेत बोलावयाचे तर चार सूत आणि वीस सूत एवढा हा फरक आहे. आठ सुतांचा एक इंच होतो व एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक, हे येथे ध्यानी ठेवलेले बरे. कारण गवंडी मिलिमीटरांत आणि सुतार सुतांत बोलू लागले की मधल्या मधे मालकाची फसगत होते.

जुनी जमीन सपाट असते हा आणखी एक गोड गैरसमज आहे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना जो चढउतार पायांना जाणवत नाही, तो कवाडाला तत्काळ जाणवतो. तो शोधण्यास महागड्या उपकरणाची आवश्यकता नाही. आठ-दहा मीटर लांबीची पारदर्शक नळी पाण्याने भरावी, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, आणि तिची दोन टोके दोन खोल्यांत भिंतीशी धरावीत. दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीवर स्थिर होते. बैठकीच्या भिंतीवर जमिनीपासून बरोबर एक मीटर उंचीवर पेन्सिलीने खूण करावी आणि नळीच्या साहाय्याने तीच पातळी प्रत्येक दाराच्या चौकटीवर न्यावी. नंतर प्रत्येक खुणेपासून खालच्या जमिनीपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहावे. जेथे अंतर सर्वांत कमी, तेथे जमीन सर्वांत उंच.

समजा, बैठकीत हे अंतर १,००० मिलिमीटर, शयनगृहाच्या दारात ९९४ आणि स्वयंपाकघराच्या दारात १,००६ भरले. याचा अर्थ शयनगृहाचे दार सर्वांत उंचावर आहे आणि स्वयंपाकघराचे त्याहून १२ मिलिमीटर खाली. घरभर एकाच पातळीची जमीन करावयाची आणि नवा थर कमीत कमी १३ मिलिमीटरांचा ठेवावयाचा, तर शयनगृहाच्या दारात जमीन १३, बैठकीत १९ आणि स्वयंपाकघराच्या दारात २५ मिलिमीटर चढेल. केवळ चिकटद्रव्याच्या जोरावर एवढी तफावत भरून काढता येत नाही. खोलगट भाग आधी मालाने समतल करून घ्यावा लागतो. मुख्य म्हणजे सर्व दारे सारखी कापावयाची नसून प्रत्येक दाराचे माप वेगळे आहे, हे लाद्या विकत घेण्यापूर्वीच स्पष्ट होते.

वहीतील याच आकड्यांवरून दाराच्या मोकळ्या उंचीचाही अंदाज घ्यावा. जुन्या घरांतील चौकटी मुळातच बुटक्या असतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार दाराची उंची दोन मीटरांहून कमी असू नये. आधीच १९० सेंटिमीटर असलेली चौकट आणखी दोन इंचांनी बुटकी करणे म्हणजे घरातील पुढच्या पिढीला जन्मभर मान लववायला लावणे होय. अशा ठिकाणी जुना थर उखडून त्याच पातळीवर नवी जमीन करणे इष्ट. त्यात धूळ, खर्च आणि मनस्ताप अधिक असतो हे खरे; परंतु तो एकदाच सोसावा लागतो.

सदनिकेतील वजनाचा प्रश्न

तळमजल्याच्या घरात थरावर थर चढविल्याने उंचीपुरताच प्रश्न उद्भवतो. वरच्या मजल्यावरील सदनिकेत मात्र स्लॅबवर पडणाऱ्या भाराचाही विचार करावा लागतो, आणि तो बहुधा कोणीच करीत नाही. सिमेंटचा माल व लादी यांच्या दर एक सेंटिमीटर जाडीला प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे २० ते २२ किलोग्रॅम वजन येते. चार सेंटिमीटरांचा नवा थर म्हणजे चौरस मीटरमागे ८० ते ९० किलोग्रॅम. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब अशा साध्या खोलीत हे वजन एक टनाच्या घरात जाते, आणि ते कायमचे तेथे राहते. निवासी खोल्यांच्या स्लॅबची रचना करताना माणसे, सामानसुमान इत्यादींचा चल भार म्हणून भारतीय मानकानुसार चौरस मीटरमागे सुमारे २०० किलोग्रॅम धरलेले असतात. त्यातील चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा नुसत्या नव्या जमिनीने खाऊन टाकावा, हे कोणत्याही हिशेबाने योग्य नव्हे. समुद्राच्या खाऱ्या हवेने ज्या इमारतींच्या सळ्यांना गंज धरला आहे आणि छताचे पोपडे निघत आहेत, तेथे तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून असे काम मुळीच हाती घेऊ नये.

जुन्या लादीवरच चिकटद्रव्याने नवी लादी बसविणे हा वजनाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात हलका मार्ग. तथापि जुनी लादी घट्ट असेल तरच तो स्वीकारावा. एखाद्या नाण्याने किंवा लाकडी दांड्याने जमीन ठोकीत फिरावे. जेथे पोकळ आवाज येतो तेथील लादी सुटलेली असते. अशा लाद्या थोड्या असतील तर त्या काढून तो भाग भरून घ्यावा. अर्धी खोली पोकळ वाजत असेल तर जुनी जमीन काढण्यावाचून गत्यंतर नाही.

पाण्याची वाट आणि पायाची ठेच

दाराच्या दोन्ही बाजूंस जमिनीची पातळी सारखी असावी की वेगळी, याचे उत्तर प्रत्येक दारापुरते निराळे आहे. न्हाणीघराची जमीन खोलीपेक्षा खाली असलीच पाहिजे. बहुतेक घरांत हा फरक एखाद्या इंचाचा असतो. न्हाणीघरात जुन्या लादीवर नवी लादी बसविली आणि खोलीची जमीन तशीच ठेवली, तर हा इंच अर्ध्यावर येतो आणि मोरीचे तोंड जरा तुंबले की पाणी थेट बिछान्याखाली पोहोचते. म्हणून न्हाणीघराचे काम एकटेच करू नये. केलेच तर जुनी लादी काढून करावे. मोरीकडे दर मीटरला १० ते १५ मिलिमीटरांचा उतार राखावा. जुनी लादी काढताना खालचा पाणीरोधक थर फुटला तर तो नव्याने करून घेणे आलेच; नाहीतर खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छताला ओल येऊन कायमचे वैर पदरी पडते.

हीच गोष्ट बाहेरच्या दाराची. ओसरी किंवा बाल्कांव आतल्या बैठकीपेक्षा खालीच हवा आणि त्याचा उतार अंगणाकडे हवा. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस ज्या भूमीवर कोसळतो, तेथे पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आलेली झड ओसरीच्या मध्यापर्यंत सहज पोहोचते. ओसरीची शोभा वाढविण्याच्या हौसेने तिच्यावर दगडी फरशी चढवून ती बैठकीच्या बरोबरीस आणली, तर कवाडाखालची ती बारीक फट जुलै महिन्यात पाण्याची पन्हळ होते. बाहेरच्या दाराचा उंबरठा आपल्या पूर्वजांनी केवळ धर्मभावनेपोटी उंच ठेवला नव्हता. पाणी, सरपटणारे प्राणी आणि अंगणातील पाचोळा यांना अडविण्याचे काम तो करीत असे. म्हणून बाहेरच्या दारी उंबरठा राहू द्यावा, आणि जमीन चढल्यास तोही तेवढाच चढवावा.

घरातील खोल्याखोल्यांमध्ये मात्र उंबरठा नसलेला बरा. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वांसाठी सुगम बांधकामाच्या मार्गदर्शक सूचनांचाही रोख हाच आहे. येथे एक विरोधाभास नमूद करावासा वाटतो. सहा इंचांची पायरी माणसास दिसते व तो पाऊल उचलतो; अर्ध्या इंचाची पायरी दिसत नाही आणि पायाचा अंगठा तीवर आदळतो. एकाच खोलीचे नूतनीकरण केल्याने दारात जी कड तयार होते ती नेमकी या दुसऱ्या प्रकारची असते. रात्री दिवा न लावता न्हाणीघराकडे जाणाऱ्या वयोवृद्ध माणसास तिचा धोका फार. जेथे अशी कड टाळता येत नाही तेथे दाराच्या चौकटीच्या रुंदीएवढी दगडी पट्टी उतरती घासून बसवावी, म्हणजे कडेऐवजी उतार तयार होतो. आणि तिचा रंग दोन्हीकडच्या लाद्यांहून वेगळा ठेवावा, म्हणजे ती डोळ्यांस दिसते.

घरात जिना असल्यास त्याचीही आठवण लाद्या घालण्यापूर्वीच ठेवावी. खालची जमीन ४० मिलिमीटरांनी चढली की पहिली पायरी तेवढीच बुटकी होते. वरच्या मजल्याची जमीन चढली की शेवटची पायरी तेवढीच उंच होते. चालणाऱ्याचे पाऊल मधल्या पायऱ्यांच्या उंचीची सवय धरून पडत असते, आणि घात होतो तो या पहिल्या व शेवटच्या पायरीवर.

कवाड का अडते

आता प्रत्यक्ष कवाडाकडे वळू. जमीन चढल्यामुळे कवाड अडते हे उघड कारण झाले. परंतु जमीन होती तेथेच असताना पावसाळ्यात कवाड खाली घासू लागले, तरी अनेक गृहस्थ लगेच करवत उचलतात. ही घाई पुढे महागात पडते, कारण लाकडाचा स्वभाव त्यांनी विचारात घेतलेला नसतो.

लाकूड ओलाव्याने फुगते ते आडवे. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ वाढत नाही. पॅनेलच्या दाराच्या दोन उभ्या पट्ट्या दाराची उंची ठरवितात, आणि त्यांतील लाकडाच्या रेषा उभ्या असतात. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत अशा दाराची उंची एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. रुंदी मात्र वाढते. सागाच्या लाकडातील ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर ते आडव्या दिशेने साधारण अर्धा ते एक टक्का फुगते. नुसत्या उभ्या फळ्या जोडून केलेले ८० सेंटिमीटर रुंदीचे दार या हिशेबाने ४ ते ८ मिलिमीटर रुंदावते आणि चौकटीत रुतून बसते. पॅनेलच्या दारात मात्र मधल्या फळ्या खाचेत सैल बसविलेल्या असतात. त्या आतल्या आत फुगतात आणि बाहेरच्या मापास धक्का लावीत नाहीत. वाढतात त्या फक्त दहा-दहा सेंटिमीटरांच्या दोन उभ्या पट्ट्या, म्हणजे सारे मिळून एक-दोन मिलिमीटर. जुन्या सुतारांनी दाराची ही रचना केवळ नक्षीसाठी पत्करली नव्हती, हे यावरून लक्षात येईल. साग हे या बाबतीत अत्यंत समंजस लाकूड आहे. ऐन, म्हणजेच गोव्याचा राज्यवृक्ष असलेली माट्टी, मजबुतीस चांगले. पण ऋतूप्रमाणे हलते सागाहून अधिक.

तेव्हा जमीन न चढता कवाड खाली घासत असेल, तर दोष बहुधा उंचीचा नसून कवाड खचल्याचा असतो. कडीच्या बाजूचा खालचा कोपराच तेवढा घासत असेल, तर हे निदान पक्के समजावे. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले असतील ते आवळावेत. भोके मोठी झाली असतील तर त्यांत चिकटद्रव्य लावलेल्या लाकडाच्या काड्या ठोकून, सुकल्यावर, अधिक लांबीचे स्क्रू बसवावेत. तरीही थोडे घासत राहिले तर खालच्या बिजागरीच्या मागे जाड पुठ्ठ्याची एक पट्टी घालावी. तिने कवाडाचा खालचा भाग किंचित पुढे ढकलला जातो आणि कडीकडचा कोपरा वर उचलला जातो. कित्येक कवाडे एवढ्यानेच सुधारतात. कडीच्या बाजूस ती घट्ट बसत असतील तर ऐन पावसाळ्यात रंधा मारू नये. जुलैमध्ये सुखाने मिटेल इतके तासलेले कवाड मार्च महिन्यात चौकटीत खडखडू लागते. घासणारी जागा खडूने खुणावून ठेवावी आणि पाऊस सरल्यावर, हवा कोरडी झाली की, तेवढ्याच जागी हलका रंधा मारून कडेस रंग किंवा वार्निश द्यावे.

काटछाटीची रीत

जमीन खरोखरच चढणार असेल तेव्हा कवाड खालून कापावेच लागते. त्याचे गणित सोपे आहे. नव्या जमिनीचा चढ, अधिक कवाडाखाली हवी असलेली फट, वजा आज असलेली फट. चढ १३ मिलिमीटर, हवी असलेली फट ६ आणि आजची फट ५ असेल, तर १४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे साडेचार सूत कापावे लागेल. मात्र ही फट कवाड मिटलेले असताना मोजून भागत नाही. कवाड उघडताना जमिनीवर जो अर्धवर्तुळाकार मार्ग आक्रमिते, त्या साऱ्या मार्गावर सर्वांत उंच जागा कोठे आहे ती पाहावी. नव्या लादीचा एक तुकडा आणि चिकटद्रव्याच्या जाडीएवढा पुठ्ठा एकावर एक ठेवून तो या मार्गावर ठिकठिकाणी सरकवावा. जेथे कवाडाशी त्याची सर्वाधिक ओढाताण होते तेथील माप खरे.

कवाड उतरविण्यास दोन माणसे हवीत. सागवानी कवाड एकट्याने पेलण्याचा मोह पाठीस भोवतो. प्रथम कवाडाखाली दोन पाचरी सारून त्याचा भार जमिनीवर घ्यावा, मग खालच्या बिजागरीचे स्क्रू काढावेत आणि वरच्या बिजागरीचे सर्वांत शेवटी. कवाड दोन घोड्यांवर किंवा जाड गोधडी घातलेल्या मेजावर आडवे ठेवावे. कापण्याची रेघ दोन्ही बाजूंस गुण्याच्या साहाय्याने काढावी आणि नुसत्या पेन्सिलीवर न थांबता धारदार सुरीने ती रेघ चिरावी. सुरीने लाकडाचे तंतू आधीच तुटलेले असले म्हणजे करवतीने कड फाटत नाही. हातकरवतीचे दात वरून खाली कापतात, म्हणून कवाडाची दर्शनी बाजू वर ठेवावी. विजेच्या गोल करवतीचे दात खालून वर येतात; तेथे दर्शनी बाजू खाली असावी. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने कित्येक सुंदर कवाडांची कड उसवलेली दिसते.

कापावयाचे माप एका सुताच्या आतबाहेर असेल तर करवतीची गरज नाही, रंधा पुरे. रंधा मारताना तो दोन्ही टोकांकडून मध्याकडे चालवावा. उभ्या पट्ट्यांची टोके खालच्या कडेस उघडी असतात आणि रंधा आतून बाहेर नेला तर टोकाचा कपचा उडतो.

सर्वच कवाडे अशी कापता येतात असे नाही. पॅनेलच्या कवाडाची खालची आडवी पट्टी चांगली रुंद असते, तीतून पाऊण इंचापर्यंत लाकूड गेले तरी बाधत नाही. त्याहून अधिक कापल्यास तिचे कुसू उभ्या पट्टीच्या खाचेत जेथे बसलेले असते तो सांधा दुबळा होतो. बाजारात मिळणाऱ्या फ्लश दारांत आत भरीव लाकूड असेल तर चिंता नाही. परंतु आत पोकळ किंवा जाळीदार रचना असलेल्या हलक्या कवाडांच्या तळाशी लाकडाची एक अरुंद पट्टीच असते, आणि ती कापून गेली की आतली पोकळी उघडी पडते. अशा कवाडास खालून कापण्यापूर्वी तळाशी ठोकून वा बारीक छिद्र पाडून लाकूड किती आहे ते पाहावे. जुन्या वाड्यांतील बिजागऱ्या नसलेली, वरच्या-खालच्या लाकडी टोकांवर फिरणारी कवाडे तर घरच्या घरी हाताळूच नयेत. खालचे टोक कापले की कवाडाचा आधारच जातो. हे काम जाणत्या सुताराचे. आता असे सुतार दुर्मीळ होत चालले आहेत, ही खेदाची गोष्ट. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत सुतार व गवंडी या दोहोंचा समावेश असून, त्यांना प्रशिक्षण तसेच अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. गावोगावच्या कारागिरांपर्यंत ही माहिती पोहोचविणे अगत्याचे आहे.

जुन्या रंगाबद्दल एक सावधगिरीची सूचना. पूर्वीच्या तैलरंगांत शिशाचे प्रमाण पुष्कळ असे. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे केंद्रीय नियम २०१६ साली निघाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधी रंगविलेले कवाड घासताना उडणारी धूळ लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना विशेष अपायकारक. हे काम घराबाहेर, नाकातोंडावर चांगल्या प्रतीचा मास्क बांधून आणि पृष्ठभाग ओला करून करावे. रंग आगीने जाळून काढू नये. धूळ झाडूने न उडविता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

कापलेली कड तशीच ठेवून कवाड पुन्हा बसविणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक. लाकडाची उघडी टोके पाणी दिव्याच्या वातीप्रमाणे वर ओढून घेतात, आणि जमीन रोज पुसली जाणाऱ्या घरात त्यांना पाण्याचा तोटा नसतो. प्लायवूडचे थर तर एका पावसाळ्यात फुगून सुटू लागतात. म्हणून खालच्या कडेस प्राइमर आणि त्यावर रंगाचे किंवा वार्निशचे दोन हात द्यावेत, आणि प्रत्येक हात पुरता सुकू द्यावा. चौकटीचे पायही याच वेळी तपासावेत. नव्या थरात चौकटीचे लाकूड गाडले गेले तर तेथे ओल धरते व वाळवीस वाट मिळते. त्याभोवती माल थापण्याऐवजी पाणीरोधक भरणाने बारीक सांधा भरून घ्यावा.

कवाडाखालची फट अगदीच बुजवावी असे काहींना वाटते. न्हाणीघरापुरते तरी हे धोक्याचे आहे. कवाडाखालची फट ही तेथे हवा आत येण्याची वाट असते. गॅसवर चालणारा पाणी तापविण्याचा बंब तर बंद न्हाणीघरात असूच नये. त्यातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असल्याने मनुष्यास कळण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते.

शेवटी उरतात त्या कड्या. कवाड जागेवर राहून जमीन वर येते, तेव्हा खालच्या उभ्या कडीचा दांडा नव्या लादीवर टेकतो. कडी तेवढीच वर सरकवून बसवावी आणि तिच्यासाठी लादीत भोक पाडावयाचे ते चिकटद्रव्य पूर्ण सुकल्यावर, काचेसाठीच्या टोकदार पात्याने, पाण्याची धार धरून पाडावे. हातोड्याने ठोकून भोक पाडू गेल्यास नवी कोरी लादी हमखास तडकते, आणि ती बरोबर दारातच असते. यास्तव लाद्या खरेदी करताना त्याच खोक्यातील दोन-चार जादा घेऊन माळ्यावर ठेवाव्यात. पहिल्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास, प्रत्येक कवाड एकदा सावकाश उघडून मिटून पाहावे, जेथे घासते तेथे खडूची खूण करावी, आणि रंधा नोव्हेंबर उलटून गेल्यावर, कोरड्या हवेतच हाती घ्यावा.